जांभई एकाची दुसऱ्याला का लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीनंतरचा तास बहुतेक वर्षी माझ्याच वाट्याला येतो. डबे खाऊन झालेले असतात, वर पंखा घरघरत असतो, बाहेर रणरणतं ऊन. तिसऱ्या बाकावरचा एक जण वहीआड जांभई देतो. मग त्याच्या शेजारचा, मग खिडकीजवळच्या दोघी, आणि फळ्याकडे वळता वळता माझाही जबडा ताणला जातो. वर्गातल्या प्रश्नपेटीत "जांभई बघून जांभई का येते?" ही चिठ्ठी दर वर्षी सापडतेच. पालकसभेतही हा विषय निघतो, आणि तिथले प्रश्न जास्त काळजीचे असतात. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जांभई खरंच लागते, की तो आपला समज आहे?

लागते. हे नीट मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटांची चित्रफीत दाखवली. एका गटाला जांभया देणारा माणूस, दुसऱ्या गटाला हसणारा माणूस. जांभया पाहणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना जांभई आली, हसू पाहणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना. यातला दुसरा आकडा मुलांना मी मुद्दाम दोनदा वाचायला लावते. पाच मिनिटं नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं तरी काहींना जांभई येणारच. ती वजा केल्यावर जे उरतं, ती लागण.

२०१४ मध्ये ड्यूक विद्यापीठाने ३२८ धडधाकट माणसांना तीन मिनिटांची फीत दाखवली. त्यांतल्या २२२ जणांना निदान एकदा तरी जांभई लागली. कुणाला एकही नाही, कुणाला तब्बल १५. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासलं तेव्हा ज्यांना कमी लागते त्यांना दर वेळी कमीच लागली. म्हणजे ही ज्याच्या त्याच्या शरीराची ठेवण आहे. जवळपास एक तृतीयांश माणसांना जांभई लागलीच नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे एका फार महत्त्वाच्या प्रश्नात त्याची गरज पडणार आहे.

जांभई देताना शरीरात काय काय होतं?

साधारण सहा सेकंदांचा खेळ असतो. आधी लांबलचक श्वास आत, जबडा पुरता ताणलेला, मग एक क्षण सगळं थांबल्यासारखं, आणि शेवटी आखूड उच्छ्वास. डोळे मिटतात, गालाचे आणि डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अश्रुग्रंथींवर दाब पडतो आणि डोळ्यांत पाणी तरळतं. कानाच्या आतली नळी उघडते, म्हणून घाट चढताना बसलेले दडे जांभईने सुटतात. त्याच वेळी कानाच्या पडद्याजवळचा एक चिमुकला स्नायू आखडतो, म्हणून जांभई देत असताना समोरच्याचं बोलणं क्षणभर दुरून आल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी लक्ष देऊन ऐका.

एकदा सुरू झालेली जांभई मध्येच सहजासहजी मोडता येत नाही. प्रोव्हाइन यांनी लोकांना दातावर दात घट्ट दाबून जांभई द्यायला सांगितलं. श्वास दातांच्या फटींतून नीट आत जात होता, तरी लोकांना जांभई घशात अडकून राहिल्यासारखं वाटलं, समाधान झालं नाही. उलट नाक चिमटीत धरून दिलेली जांभई मात्र अगदी नेहमीसारखी झाली. म्हणजे नुसती हवा आत जाऊन भागत नाही, जबडा ताणला जायलाच हवा.

रक्तात ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते ना? आम्ही तर शाळेत हेच शिकलो.

हे खरं नाही. मला या उत्तराबद्दल विशेष कळकळ आहे, कारण नोकरीची सुरुवातीची काही वर्षं मीही वर्गात हेच सांगत होते, आणि त्या मुलांना आता गाठून खरं काय ते सांगावंसं वाटतं.

१९८७ मध्ये प्रोव्हाइन आणि सहकाऱ्यांनी हे थेट तपासलं. काहींना शंभर टक्के ऑक्सिजन हुंगायला दिला, काहींना ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा. आपल्या नेहमीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, यावरून ते प्रमाण किती जास्त होतं ते समजेल. लोकांचा श्वासाचा वेग वाढला, जांभया मात्र वाढल्या नाहीत. शुद्ध ऑक्सिजनने त्या कमीही झाल्या नाहीत. व्यायाम करून धाप लागली तरी जांभयांवर परिणाम दिसला नाही.

आणखी एक पुरावा पोटातल्या बाळाचा. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात १५ गर्भांची सोनोग्राफी २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा पाहिली गेली. बाळं सावकाश, मोठा आ करून जांभई देत होती. गर्भजलात बुडालेल्या बाळाला ऑक्सिजन नाळेतून मिळतो. तोंड उघडून हवा घेण्याचा तिथे प्रश्नच नाही.

मग जांभई येते तरी कशासाठी?

सगळ्यांनी मान डोलवावी असं एकच उत्तर अजून नाही. जांभया कधी येतात ते मात्र पक्कं ठाऊक आहे: झोपेतून उठताना, झोपेकडे जाताना, कंटाळ्यात, आणि काही मोठं करण्याच्या आधी. शर्यतीच्या रेषेवर उभ्या राहिलेल्या मुलीला जांभई येते, वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारलं जाण्याआधी येते. ती त्यांची बेफिकिरी नव्हे. शरीर एका अवस्थेतून दुसरीत जाताना जांभई येते, एवढं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेतले संशोधक अँड्र्यू गॅलप यांचा दावा याच्याही पुढचा आहे: जांभई मेंदू थंड करते. जबडा ताणला की डोक्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि खोल श्वासाने थंड हवा आत येते. २००७ च्या त्यांच्या प्रयोगात कपाळावर कोमट किंवा साधी पिशवी धरलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना जांभई लागली, थंड पिशवी धरलेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांना. ज्यांना नाकाने श्वास घ्यायला सांगितला होता, त्यांच्यातल्या एकालाही लागली नाही.

मग त्यांनी ॲरिझोनातल्या टुसान शहरात रस्त्यावरच्या माणसांना जांभईची चित्रं दाखवली. हिवाळ्यात जवळपास निम्म्यांना जांभई लागली. उन्हाळ्यात, जेव्हा बाहेरची हवा अंगाइतकीच तापलेली होती, पाव हिश्शाहूनही कमी जणांना. व्हिएन्नात हाच प्रयोग केला तर उलट निघालं: उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. पण व्हिएन्नाचा उन्हाळा २० अंशांच्या आसपासचा आणि हिवाळा शून्याच्या जवळचा. बाहेरची हवा अंगाहून थोडी थंड असेल तेव्हा जांभईचा उपयोग. फार तापलेली असेल तर ती थंडावा देऊ शकत नाही, फार गार असेल तर गरजच नाही. या हिशेबाने मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या नागपुरात भर रस्त्यावर जांभई कमी लागायला हवी आणि कुलर लावलेल्या खोलीत जास्त. तिथल्या एखाद्या शाळेने हे करून बघावं असं मला फार वाटतं.

मेंदू मोठा तर जांभई लांब, हेही दिसलेलं आहे. २०२१ मध्ये १०१ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या १,२९१ जांभया मोजल्या गेल्या. मेंदू जितका मोठा आणि त्यातल्या चेतापेशी जितक्या जास्त, तितकी जांभई लांबलेली निघाली. काही शास्त्रज्ञांना हा थंडाव्याचा सिद्धांत मान्य नाही. मला स्वतःला तो आजवरच्या उत्तरांमध्ये सगळ्यांत जास्त पटतो, कारण तो चुकीचा ठरेल अशा कसोट्या त्याने स्वतःहून पुढे केल्या आणि त्यांतून तो पार पडला.

ते ठीक. पण समोरच्याची जांभई मला का यावी?

आपल्या मेंदूत जांभईचा सगळा साचा जन्मापासून तयार असतो. तो शिकावा लागत नाही. दुसऱ्याची जांभई ही त्या साच्याची कळ दाबते. आपण विचार करून नक्कल करत नाही. बहुतेकदा जांभई अर्ध्यावर आल्यावरच आपल्याला कळतं.

कळ दाबायला काय लागतं, याचाही प्रोव्हाइन यांनी कसून शोध घेतला. जांभई देणाऱ्या चेहऱ्याचं नुसतं तोंड दाखवलं तर परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तोंड झाकून बाकीचा चेहरा दाखवला तर मात्र लोकांना जांभया आल्या. चेहरा उलटा करून दाखवला तरी आल्या. उघडं तोंड तर गाणाऱ्याचंही असतं, ओरडणाऱ्याचंही. मिटत जाणारे डोळे, आवळलेले गाल, मागे झुकणारी मान, या सगळ्या चेहऱ्यावरून मेंदू जांभई ओळखतो.

डोळ्यांची गरजही नाही. जांभईचा नुसता आवाज ऐकून जांभई येते; अंध व्यक्तींनाही ती अशीच लागते. जांभईविषयी वाचून येते, विचार करून येते. हे पान वाचताना एव्हाना तुम्हाला आली असेल तर काळजी करू नका, त्यात तुमच्या झोपेचा दोष नाही.

२०१७ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात ३६ जणांना जांभयांच्या फिती दाखवून कधी 'येऊ द्या' तर कधी 'दाबा' असं सांगितलं. दाबायला सांगितल्यावर पूर्ण जांभया कमी झाल्या, पण अर्धवट दाबलेल्या वाढल्या, आणि जांभई द्यावीशी वाटण्याची ओढ आणखी बळावली. कुणाला किती जांभया लागणार, हे मेंदूचा हालचाली घडवणारा भाग किती चटकन उत्तेजित होतो यावरून बऱ्यापैकी सांगता आलं.

तोंडावर हात किंवा पदर धरला तर दुसऱ्याला लागत नाही ना?

लागते. वरच्या उत्तरात कारण आलंच आहे. हात धरणं ही सभ्यता आहे आणि ती जरूर पाळावी, पण लागण त्याने थांबत नाही.

जांभई लागण्याचा उपयोग काय?

कळपाने राहणाऱ्या प्राण्यांमध्ये सगळे एका वेळी जागे, एका वेळी सावध असणं फायद्याचं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मकलाली अभयारण्यात इटलीच्या पिसा विद्यापीठातल्या संशोधकांनी सिंहांचं चित्रण केलं. एका सिंहाची जांभई दुसऱ्याला लागली, आणि मग पहिला उठून चालू लागला, तर दुसराही उठून मागे जाण्याची शक्यता ११ पटींनी वाढलेली दिसली. जांभई लागली नसेल तर असं होत नव्हतं. हे संशोधन २०२१ चं.

त्याच वर्षी गॅलप यांनी माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी जांभयांच्या फिती दाखवल्या आणि मग बऱ्याच चित्रांच्या गर्दीतून साप शोधायला सांगितला. जांभया पाहिलेल्यांची नजर सापावर लवकर गेली. बेडूक शोधताना असा फरक पडला नाही. ज्या गावांत पावसाळ्यात पडवीत बॅटरी मारूनच पाय ठेवावा लागतो, तिथल्या माझ्या मुलांना हा प्रयोग सांगितला की वर्ग एकदम जागा होतो. गॅलप यांचं म्हणणं मला पटतं: शेकोटीभोवती बसलेल्यांतला एक पेंगुळला, त्याची जांभई बाकीच्यांनी पाहिली आणि त्याच्या वाटणीची राखण त्यांच्या नजरेने उचलली. असंच घडलं असेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण प्रयोगाचा रोख तिकडेच आहे.

जवळच्या माणसाची जांभई लवकर लागते म्हणतात, खरं का?

इव्हान नॉर्शिया आणि एलिसाबेत्ता पालाजी या इटालियन संशोधकांनी वर्षभर १०९ माणसांच्या जांभया टिपल्या, रोजच्या व्यवहारात, त्यांना न कळता: जेवताना, गाडीत, कामावर. २०११ मध्ये निष्कर्ष आला. घरच्यांची जांभई सगळ्यांत जास्त लागते, त्याखालोखाल मित्रांची, मग ओळखीच्यांची, आणि परक्यांची सगळ्यांत कमी. त्याच वर्षी अटलांटाजवळच्या येर्कीस वानर-संशोधन केंद्रात २३ चिंपांझींवर केलेल्या अभ्यासातही आपल्या टोळीतल्यांच्या जांभया परक्या टोळीपेक्षा जास्त लागल्या.

यावरून जांभई लागणं म्हणजे सहानुभूती, असं समीकरण मांडलं गेलं आणि ते जगभर पसरलं. इथे थोडं थांबायला हवं. घरच्या माणसाकडे आपण जास्त पाहतो, त्याचा आवाज ओळखतो, त्याच्या शेजारी निवांत असतो. जास्त पाहिलं तर जास्त लागणारच. योर्ग मासेन आणि गॅलप यांनी २०१७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासून लिहिलं की हे समीकरण अजून सिद्ध झालेलं नाही. ड्यूकच्या ३२८ जणांतही सहानुभूतीशी नातं आढळलं नाही. फक्त वयाचा थोडा संबंध दिसला, तोही सगळ्या फरकातला जेमतेम ८ टक्के.

ज्याला जांभई लागत नाही तो निर्दय किंवा मनोरुग्ण असतो, असा निरोप फोनवर फिरतोय. माझ्या मुलाला लागत नाही. घाबरावं का?

अजिबात नाही. हे सगळं लिहायला मी ज्यामुळे बसले, तो प्रश्न हाच.

एका पालकसभेनंतर एक आई थांबून राहिल्या. बाकीचे सगळे गेल्यावर त्यांनी फोन पुढे केला. असाच निरोप होता. त्यांचा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, आहे. आदल्या रात्री त्या त्याच्यासमोर बसून मुद्दाम चार-पाच वेळा जांभई देऊन पाहत होत्या. तो आपला फरशीवर आगगाडीचे डबे जोडत राहिला. "बाई, त्याला माझ्याबद्दल काहीच वाटत नसेल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांना जे सांगितलं ते इथे नीट लिहिते.

त्या निरोपाचं मूळ २०१५ च्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात १३५ विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली आणि जांभयांच्या फिती दाखवल्या. ज्यांचे गुण भावनिक कोरडेपणाकडे झुकणारे होते त्यांना जांभई थोडी कमी लागली. हे सगळे साधे कॉलेजातले विद्यार्थी होते, गुन्हेगार नव्हते, रुग्णही नव्हते. जांभई न लागणारा माणूस विकृत असतो असा अर्थ काढू नका, हे अभ्यास करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी नेमकं तेच वाक्य गाळलं. वर पाहिलंत, धडधाकट माणसांतल्याही एक तृतीयांशांना जांभई लागत नाही. आपल्या ओळखीच्या दर तिघांतला एक निर्दय आहे का?

स्वमग्न मुलांबद्दल सांगायचं तर, २००७ मध्ये आत्सुशी सेंजू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की या मुलांना फितीतल्या जांभया लागत नाहीत. ती बातमी सगळीकडे गेली. पुढची बातमी तेवढी गेली नाही. स्वमग्न मुलं समोरच्याच्या चेहऱ्याकडे, विशेषतः डोळ्यांकडे, कमी पाहतात. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी मुलाची नजर कुठे आहे हे टिपणारं यंत्र लावलं, आणि मूल डोळ्यांकडे पाहत असतानाच पडद्यावर जांभई येईल अशी व्यवस्था केली. तेव्हा स्वमग्न मुलांना इतर मुलांइतक्याच जांभया लागल्या.

त्या मुलाने आईची जांभई पाहिलीच नव्हती, तो डबे पाहत होता. आणि माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा दिसला की तो एक शब्दही न बोलता अर्ध्या वह्या उचलून शिक्षकखोलीपर्यंत येतो, हे मी त्याच्या आईला सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं.

हा निरोप तुमच्याकडे आला तर कृपा करून पुढे पाठवू नका. कुणाच्या घरात तो कसा वाचला जाईल हे आपल्याला कळत नाही.

बाळाला जांभई येते, पण माझी लागत नाही. का?

आपोआप येणारी जांभई गर्भातच सुरू होते, लागणारी फार उशिरा. मॉली हेल्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात बहुतेक मुलांना चार वर्षांच्या आधी जांभई लागत नव्हती. चेहरा नीट वाचण्याची समज त्याच सुमारास पक्की होते. बालवाडीतल्या छोट्या गटासमोर तुम्ही कितीही जांभया द्या, मुलं कौतुकाने दातच मोजतील. उतारवयात लागण पुन्हा थोडी कमी होते.

कुत्र्याला माणसाची जांभई लागते का? इतर प्राण्यांचं काय?

कुत्र्याला लागते. २००८ मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजात एका अनोळखी माणसाने २९ कुत्र्यांसमोर आवाज करत जांभया दिल्या. २१ कुत्र्यांनी जांभई दिली. त्याच माणसाने नुसतं तोंड उघडमिट केलं तेव्हा एकानेही दिली नाही. मालकाची जास्त लागते असं नंतरच्या एका जपानी अभ्यासात दिसलं, पण २०२० मध्ये २५७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली तेव्हा मालक-परका असा फरक टिकला नाही. आणि हे लक्षात असू द्या: कुत्रा ताणाखाली असला तरीही जांभई देतो. पाहुण्यांच्या पोराने कवळ्यात घट्ट धरलेला कुत्रा जांभया देऊ लागला, तर त्याला सोडवा. त्याला झोप आलेली नसते.

चिंपांझींना लागते, बजरीगर पोपटांना लागते. कासवाला लागत नाही. ऑस्ट्रियात अलेक्झांड्रा नावाच्या लाल पायांच्या मादी कासवाला सहा महिने खपून जांभईसारखं तोंड उघडायला शिकवलं, तिच्यासमोर बाकीची कासवं बसवली, आणि एकाही कासवावर परिणाम झाला नाही. या कामाला २०११ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. लोक हसले, पण साधी प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्याहून वरची काहीतरी क्रिया यांतला फरक दाखवायला हा प्रयोग हवाच होता.

जांभई आली की आजी तोंडासमोर चुटकी वाजवायची. त्यामागे काय आहे?

माझीही वाजवायची, आणि पाठोपाठ "रामा, रामा" म्हणायची. आम्ही लहान असताना आमच्या तोंडासमोर ती स्वतःची बोटं आणायची. उघड्या तोंडातून काही वाईट आत जाऊ नये, अशी समजूत.

जांभई हा शब्दच संस्कृतातल्या 'जृंभिका'वरून आला आहे, आणि तिची एक जन्मकथाही आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात वृत्रासुर इंद्राला गिळतो. देव घाबरून जृंभिका निर्माण करतात, वृत्राला जांभई येते, आणि त्या उघड्या तोंडातून इंद्र अंग आखडून बाहेर निसटतो. तेव्हापासून तिन्ही लोकांतल्या प्राण्यांना जांभई चिकटली, असं तिथे म्हटलं आहे. योगग्रंथांत जांभईचा वायूही वेगळा मानला आहे, त्याचं नाव देवदत्त.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात जे १३ वेग अडवू नयेत असं सांगितलं आहे, त्यांत शिंक, ढेकर, भूक, अश्रू, झोप यांच्या बरोबरीने जांभईही आहे. तिथे सांगितलेले दुष्परिणाम, म्हणजे अंग वाकणं, कंप, बधिरपणा, आजच्या प्रयोगांनी सिद्ध झालेले नाहीत. पण दाबल्याने ओढ शमत नाही, एवढं तरी नॉटिंगहॅमच्या प्रयोगाने दाखवलं आहे.

मुलाखतीत किंवा बैठकीत जांभई आवरायची असेल तर?

दातावर दात दाबू नका, नाकाने सावकाश श्वास घेत राहा. जमलं तर आधी कपाळावर आणि मानेवर गार पाणी मारून या. समोर जांभई देणारा असेल तर नजर वळवा. आणि शिक्षकांना एक विनंती: वर्गात जांभई देणाऱ्या मुलाला उभं करू नका. तो तुमचा अपमान करत नसतो. उभं केल्याने सगळा वर्ग त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, मग पुढच्या जांभया कुणाला येतील सांगता येत नाही.

सारख्या जांभया येतात. डॉक्टरकडे जावं का?

बहुतेक वेळा झोप अपुरी असते. रात्री जोरात घोरून, मध्येच श्वास अडकून जाग येत असेल आणि दिवसा जांभयांवर जांभया येत असतील, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही जांभया वाढतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अर्धशिशी असणाऱ्या काहींना डोकं दुखू लागण्याच्या आधी जांभया येतात. जांभयांबरोबर छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

शाळांसाठी खास: प्रार्थनेला उन्हात उभ्या असलेल्या मुलाला लागोपाठ जांभया येत असतील, चेहरा पांढरा पडला असेल, कपाळावर घाम असेल, तर ते मूल चक्कर येऊन पडण्याच्या बेतात असू शकतं. त्याला लगेच सावलीत आडवं करा, पाय थोडे वर ठेवा.

एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. पक्षाघाताने एक हात पूर्ण लुळा पडलेल्या काही रुग्णांचा तोच हात जांभई देताना आपोआप वर उचलला जातो, आणि जांभई संपली की खाली येतो. रुग्णाने ठरवून तो हात तसूभरही हलत नाही. जांभईचा हुकूम मेंदूच्या वेगळ्या, जुन्या वाटेने येतो हे यातून दिसतं. घरच्यांना हात बरा होऊ लागल्यासारखं वाटतं, तेव्हा त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

मुलांना घरी किंवा वर्गात काही करून पाहता येईल का?

येईल, आणि खर्च काहीच नाही. वर्गाचे दोन गट करा. एका गटाला एका मुलाने पाच मिनिटं 'जांभई' या विषयावरचा उतारा वाचून दाखवायचा, दुसऱ्या गटाला दुसऱ्या खोलीत 'उचकी' या विषयावरचा. दोन्ही उतारे सारख्या लांबीचे हवेत, वेळही तीच हवी, नाहीतर एक गट जेवणाआधी आणि एक जेवणानंतर असं होऊन सगळं फसतं. कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने जांभया मोजायच्या, दाबलेल्या वेगळ्या आणि पूर्ण वेगळ्या. आपण काय मोजतोय हे ऐकणाऱ्यांना आधी सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करा. ज्यांना एकही जांभई आली नाही त्यांची नावं फळ्यावर लिहू नका, फक्त आकडा लिहा.